साइड मी दिली

ड्रायव्हरसाहेबांच्या हातून आयुष्यात एकच अपघात झाला. तो स्टिअरिंग सोडल्यावर सहा वर्षांनी झाला, सायकलवर असताना, आणि ट्रक दुसऱ्याचा होता. पोलिसांच्या वहीत त्याची नोंद झाली नाही. ती व्हावी म्हणून त्यांनी पाऊण तास प्रयत्न केला होता.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी कळंबोलीच्या पुढे एका वसाहतीत भाड्याने राहत होतो. निवृत्त नोकरदारांनी सोसायटी करून बांधलेली बैठी, जोडघरं होती ती. रिक्षावाले तिला पेन्शनर कॉलनी म्हणत. साठीच्या आतले आम्ही मोजके भाडेकरू सोडले तर सगळे पेन्शनर. मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, दुपारची पाळी असायची, त्यामुळे सकाळ मोकळी होती आणि वसाहतीची सकाळ मी रोज पाहत होतो.

ते शेवटच्या ओळीत पत्नीसह राहत. सातारा भागातले. एसटीच्या लाल गाडीवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. वसाहतीत बहुतेक कारकून, मास्तर, तारखात्यातले लोक. गाडी चालवून निवृत्त झालेले ते एकटेच. त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत. यातलं साहेब थोडं थट्टेचं होतं. ते त्यांना कळत असे.

त्यांची सायकल काळी, उंच, पुरुषी दांड्याची. सकाळी बाहेर काढली की ते तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारत. दोन्ही टायर अंगठ्याने दाबत, वाकून खालून बघत, जणू इंजिनातून तेल गळतंय का. मग बसत. बसल्यावर स्वतःच घंटी दोनदा वाजवत आणि मगच पायडल मारत. थांबताना एकदा. बसमध्ये हे काम कंडक्टरचं असतं. मी एकदा विचारलं की इथे कंडक्टर नाही, गाडी तुमची, रस्ता मोकळा, मग दोन घंट्या कुणासाठी?

"सवयीसाठी," ते म्हणाले. "सवय लई वंगाळ चीज हाय. सोडली तर माणूस उघडा पडतो."

निवृत्त होताना खाकी शर्ट सहा शिल्लक होते. ते फाटेपर्यंत वापरायचे असं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या माहितीत चार फाटले.

त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत. एकतीस वर्षांत अपघात नाही. "कोंबडीसुदिक न्हाई मारली." पेशामुळे मला आकड्यांची खात्री करून घ्यायची खोड होती. मी विचारलं, कुत्रं?

त्यांनी विचार केला. चहाचा कप खाली ठेवून विचार केला.

"एक कुत्रं," ते म्हणाले. "पन ते जीव द्यायलाच आल्तं."

घाटातल्या ड्रायव्हिंगबद्दल ते बोलू लागले की थांबत नसत. खंबाटकीत चढाला बस असायची, मागे ट्रकांची रांग. मागच्याला पुढचं काही दिसत नाही. पुढच्याला दिसतं, तो उंच बसलेला असतो. त्याने समोरचा रस्ता मोकळा पाहून खिडकीतून उजवा हात बाहेर काढायचा आणि मागून पुढे हलवायचा. मागचा डोळे झाकून ओव्हरटेक करतो. याला साइड देणं म्हणत. "हात केला म्हंजी शब्द दिला," ते म्हणायचे. "त्यो माज्या हातावर जातो, पेपरवाले. माज्या हातावर त्याची बायकापोरं असत्यात." मला ते पेपरवाले म्हणत.

हा हात ते सायकलवरही करत. मागून हॉर्न वाजला की त्यांचा उजवा हात हँडल सोडून बाहेर यायचा आणि मागून पुढे हलायचा. स्कूटरला, रिक्षाला, दूधवाल्याच्या सायकलला. एकदा मागून येणाऱ्या म्हशीलाही केलेला मी पाहिला आहे. आम्ही हसायचो. ते बघून कुणाला काही धोका वाटला नाही. मलाही वाटला नाही, हे इथे नोंदवलं पाहिजे.

वसाहतीतून एकच मोठा रस्ता जात होता. त्याचं एक टोक हायवेला लागायचं, दुसरं न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला. हायवेच्या नाक्यावर कोंडी झाली की ट्रकवाले आतून गाड्या काढत. त्याच रस्त्यावर पेन्शनर सकाळी फिरत, जोडीजोडीने सायकली चालवत आणि नव्याने गाडी शिकत. सोसायटीचे सेक्रेटरी महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून गाडी घेतली आणि एकसष्टाव्या वर्षी चालवायला शिकले. ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, विजेच्या प्रत्येक खांबाला हॉर्न देत जात. ट्रक आतल्या रस्त्यावरून बंद करावेत म्हणून त्यांनी सरकारी कार्यालयात तीन अर्ज दिले होते. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं: अद्याप अपघाताची नोंद नाही.

माझ्या घरमालकीण बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. यजमान वारलेले, मुलगी परदेशात. बासष्टाव्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की लहानपणापासून सायकल शिकायची राहून गेली आहे आणि आता ती शिकायची आहे. भाचीची जुनी सायकल मागवून घेतली. शिकवणार कोण, तर ड्रायव्हरसाहेब.

पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात दीड महिना हे शिक्षण चाललं. ते चपला घालून कॅरियर धरून मागे पळत.

"आवो बाई, समोर बघा. चाकाकडं काय बघताय? चाक कुटं पळून जात न्हाई."

"तुम्ही सोडलंत तर नाही ना?"

"कवाच सोडलंय."

हे ऐकल्यावर बाई पडत. त्यामुळे त्यांनी पडायचंही शिकवलं. समोरून काही आलं आणि सुचलं नाही तर डावीकडे हँडल मारायचं आणि अंग डावीकडे टाकायचं. उजवीकडे कधीही नाही. "डावीकडं गटार हाय, काटं हायती, काय बी असू दे. उजवीकडं मरन हाय." बाईंनी हे घरात माझ्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं होतं, पाठांतरासारखं.

अपघात सकाळी साडेसातच्या सुमारास झाला. मी पाव घेऊन परतत होतो. ते माझ्यापुढे वीसेक पावलांवर, सायकलवर, रस्त्याच्या डाव्या कडेने. पुढे पाण्याच्या टाकीचं वळण. वळणावर उजव्या हाताला माणसाच्या डोक्यापेक्षा उंच मेंदी वाढलेली होती. बसमधून पाहणाऱ्याला त्या मेंदीवरून पलीकडचा रस्ता दिसला असता. सायकलवरच्याला दिसत नव्हता.

मागून ट्रक आला. वेग बेताचा होता. मी ऑफिसात अशा बातम्या रोज लावत होतो आणि त्यांत ट्रक नेहमी भरधाव असतो. हा नव्हता. त्याने एकदा हॉर्न दिला.

त्यांचा उजवा हात बाहेर आला आणि मागून पुढे हलला.

ट्रक उजवीकडे सरकला, त्यांच्या बाजूने पुढे निघाला आणि वळणात शिरला. त्याच क्षणी मेंदीपलीकडून घंटी ऐकू आली. मग ब्रेकचा आवाज, मग पत्रा चिरडल्याचा. ट्रक थांबला. मला आणि त्यांना ट्रकच्या मागच्या फळीशिवाय काही दिसत नव्हतं.

त्यांनी सायकल टाकली. ती टाकलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. ते पळाले नाहीत, चालत गेले, ट्रकच्या कडेला हात लावत. मी पळत त्यांच्या पुढे गेलो. ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ बाईंच्या सायकलचं पुढचं चाक दुमडून पडलं होतं. रस्त्यावर एक चप्पल होती. बाई नव्हत्या.

"बाई," ते म्हणाले. हाक अशी नव्हतीच ती.

कडेच्या कोरड्या गटारातून, घाणेरीच्या झुडपातून आवाज आला, "आधी माझा चष्मा बघा. त्याच्यावर कुणी पाय देऊ नका."

ते रस्त्यावरच खाली बसले. मी आणि ट्रकचा ड्रायव्हर गटारात उतरलो आणि बाईंना बाहेर काढलं. डावं मनगट सुजत होतं, कपाळावर ओरखडे, अंगभर काटे. बाकी शाबूत. चष्मा झुडपात सापडला, एक दांडी वाकलेली. बाईंनी तो तसाच लावला आणि आजूबाजूला पाहिलं.

"डावीकडे टाकलं मी अंग," त्या त्यांना म्हणाल्या. "बरोबर टाकलं ना?"

त्यांनी मान हलवली. 

तोपर्यंत वसाहत जमली. काठ्या घेऊन फिरायला निघालेले वीस-पंचवीस लोक. सेक्रेटरी गाडी तिथेच उभी करून उतरले. ट्रकचा ड्रायव्हर तिशीतला, उरणकडचा, एकटाच होता, क्लीनर नव्हता. त्याची कॉलर पहिल्यांदा सेक्रेटरींनीच धरली. मग बाकीचे हात आले.

"म्हाताऱ्या बाईच्या अंगावर गाडी घालतोस?"

"मी नाय घातली. मना बाबानी हात केलान, म्हनून मी काढली," तो म्हणत होता. कुणी ऐकत नव्हतं. एकाने काठी उचलली.

ते रस्त्यावरून उठले आणि मध्ये शिरले. उंचीने ते फार नव्हते. त्यांनी सेक्रेटरींचं मनगट धरलं आणि कॉलरवरून काढलं.

"त्याला हात लावू नका. साइड मी दिली."

"कसली साइड? तुम्ही सायकलवर होता."

"मी हात केला. पुढचं न बघता केला. त्यो माज्या हातावर गेला."

सेक्रेटरींनी त्यांना बाजूला घेतलं. मी जवळ होतो म्हणून ऐकलं. आवाज खाली आणून, समजुतीने सांगत होते ते. "ड्रायव्हरसाहेब, बाई वाचल्या, देवाची कृपा. पण आता अपघाताची नोंद होतेय. चौथ्या अर्जाला हीच लागत होती. ट्रक बंद होतील कायमचे. तुम्ही फक्त गप्प बसा. खोटं बोला असं कुठे म्हणतोय मी?"

"आन त्याचं काय?"

"त्याचं काय व्हायचंय? ट्रकवाला आहे तो."

"मी बी त्योच हाय," ते म्हणाले.

चौकीवर आम्ही सहा जण गेलो. बाईंना शेजाऱ्यांनी आधी दवाखान्यात नेलं. मनगटाला प्लास्टर घालून त्या हट्टाने चौकीवर आल्या. आत हवालदार आणि ड्रायव्हरसाहेब यांच्यात आधीपासून संभाषण चालू होतं.

"काका, म्हणजे चूक ट्रकवाल्याची ना?"

"न्हाई. माजी."

"तुमच्याकडे ट्रक होता?"

"सायकल."

"सायकलने ट्रकला धडक दिली?"

"साइड दिली."

"अहो, सायकलवाल्याने हात केला म्हणून ट्रक जातो का? हे मी लिहू कसं? कुठल्या कलमात बसवू? उगाच टेन्शन देताय."

"तुमी लिवा. कलम नंतर बघा. एकतीस वर्सं हात केला की लोक गेलेत. त्यालाबी वाटलं, म्हातारा बघून हात करतोय. त्येच्या जागी मी असतो तर मीबी गेलो असतो."

ट्रकचा ड्रायव्हर बाकावर बसला होता. गाडी मालकाची, केस झाली तर नोकरी जाणार, हे त्याने आम्हाला वाटेत सांगितलं होतं. आता तो उठला. "साहेब, चूक माजी पन हाय. हात केला तरी मी बघाया पायजे होता. वलनावर नाय काढाची."

"तू गप," ते त्याच्यावर खेकसले. "मी बोलतोय न्हवं?"

तेवढ्यात बाई आत आल्या होत्या. त्यांनी एक्स्चेंजमधल्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करत सांगितलं की त्या स्वतः वळणावर रस्त्याच्या मधून येत होत्या. कडेने यायला हवं होतं. पण कडेला गटार असल्याने त्यांना भीती वाटते. "त्यामुळे माझंही नाव लिहा."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "इथे तिघं आरोपी आहेत. फिर्यादी कोण आहे? सेक्रेटरीसाहेब, तुम्ही?"

सेक्रेटरी दाराशी उभे होते. त्यांनी बाईंच्या प्लास्टरकडे पाहिलं, मग बाहेर. "मी फक्त गाडीने सोडायला आलो," ते म्हणाले.

हवालदाराने चहा मागवला. ट्रकवाल्याला दम भरून सोडलं. ड्रायव्हरसाहेब मात्र नोंद करून घेतल्याशिवाय उठायला तयार नव्हते. शेवटी बाई म्हणाल्या, "उठा आता, माझा हात दुखतोय," तेव्हा उठले.

सेक्रेटरी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. वसाहतीतले आणखी काही जणही. ट्रक बंद झाले नाहीत आणि त्याचं खापर त्यांच्यावर फुटलं. ते सोसायटीच्या बैठकीला जायचे थांबले. त्याऐवजी रस्त्याच्या हायवेकडच्या तोंडाशी चहाची टपरी होती तिथे ते रोज सकाळी जाऊन बसू लागले. ट्रकवाले तिथे थांबत. उरणचा ड्रायव्हर त्यांना ओळखी करून देई. तिथे जे ठरलं ते कागदावर कधी आलं नाही. ठरलं असं की सकाळी साडेसहा ते आठ ट्रक आतून आणायचा नाही. पेन्शनरांनी जोडीने गप्पा मारत सायकली चालवायच्या नाहीत, एकामागे एक चालवायच्या. वळणावर कुणी गाडी उभी करायची नाही. आणि सायकलवाल्या म्हाताऱ्याने हात केला तर त्याच्यावर विसंबायचं नाही. "मी केला तरीबी न्हाई. आपल्या डोळ्यांनी बघायचं." बहुतेक ट्रकवाल्यांनी हे पाळलं, काहींनी नाही. पेन्शनरांचंही प्रमाण तेच होतं. टाकीजवळची मेंदी ड्रायव्हरसाहेबांनी स्वतः विळ्याने गुडघ्यापर्यंत छाटली. त्यासाठी सोसायटीची परवानगी घेतली नाही.

अडचण त्यांच्या हाताची होती. मागून हॉर्न आला की तो निघायचाच. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी तो निघालेला पाहिला, आणि त्यांनी तो झटकन मागे घेतलेलाही, विस्तवाला लागल्यासारखा. पुढच्या आठवड्यात ते उजवा हात रुमालाने हँडलला बांधून सायकल चालवत होते. हे बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि फाटकापर्यंत आल्या.

"सोडा तो रुमाल. पडलात तर हात मोडेल. एका घरात एक प्लास्टर पुरे, दुसऱ्या घरात कशाला?"

त्यांनी रुमाल सोडला. मग त्यांनी दुसरी रीत काढली. टाकीचं वळण आलं की ते खाली उतरत आणि सायकल हातात धरून, दोन्ही हात हँडलवर ठेवून, वळण संपेपर्यंत चालत जात. ती रीत त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

प्लास्टर असेपर्यंत ते आमच्या घरात आले नाहीत. सहा आठवडे रोज सकाळी फाटकाबाहेर थांबत आणि मला एकच विचारत, "बोटं हालत्यात का बाईंची?" मी म्हणायचो, हलतात. मग ते जात. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी काही बोलायच्या आत बाईंनीच आतून हात बाहेर काढून पाचही बोटं हलवून दाखवली. त्यांनी ती मोजल्यासारखी पाहिली. दुसऱ्या दिवशी फाटकाला बाईंची सायकल टेकून उभी होती. पुढचं चाक नवं, ब्रेक बदललेले, घंटीला तेल दिलेलं.

बाई ती आठवडाभर बाहेरच ठेवून होत्या. रोज तिच्यावरून फडकं फिरवत आणि आत येत. 

मग एका सकाळी मी ऑफिसला लवकर निघालो होतो. साडेआठ झाले असावेत, म्हणजे ट्रकांची वेळ सुरू झाली होती. टाकीच्या वळणावर ते सायकल हातात धरून चालत होते. त्यांच्या मागे एक ट्रक. त्याने हॉर्न दिला नव्हता, वेग त्यांच्या पावलांइतका करून तो मागे येत होता. छाटलेल्या मेंदीच्या पलीकडून बाई आल्या. रस्त्याच्या अगदी कडेने, गटाराला चिकटून, ओठ घट्ट मिटून, घंटी एकसारखी वाजवत.

ते जागीच थांबले. त्यांच्या मागे ट्रकही थांबला.

"हात खाली ठेवा, ड्रायव्हरसाहेब," बाई ओरडल्या.

"खालीच हाय. तुमी समोर बघा."

बाई समोर बघत दोघांच्या बाजूने पुढे निघून गेल्या. ट्रकवाल्याने खिडकीतून मान काढून वळणापलीकडचा रस्ता स्वतः पाहिला आणि मग गाडी काढली.